बाजरीवरचं झुडूप

औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
६ जानेवारी २०२५

सर, जयभीम.

पूर्वी मी तुम्हाला साष्टांग नमस्कार लिहायचे. आता पंचावन्न वर्षांची झाले, गुडघे वाकत नाहीत आणि मनही वाकत नाही, तेव्हा जयभीमवर भागवून घ्या. अठरा वर्षांनी लिहितेय. तुमची आठवण दाटून आली म्हणून नव्हे. काम आहे.

फोन प्रेरणाला केला होता. ती म्हणाली, पप्पांना आता ऐकू येत नाही, पण नाशिकला आल्यापासून पेपर जाहिरातींसकट वाचतात. मग हेही वाचा.

पिशोरच्या माळावर आमची दोन एकर जमीन आहे. आमची म्हणजे कसतो आम्ही. कागदावर ती सरकारची, गावच्या गुरांसाठी राखलेलं गायरान. माझ्या बाबांनी, धोंडिबा साळव्यांनी, दगड वेचून तिथं माती उघडी पाडली आणि बाजरी पेरली. बाबा गेले त्याला बावीस वर्षं झाली. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि अजून पेरते. चौदा एप्रिल एकोणीसशे नव्वदच्या आधीपासून आपण हे रान कसतोय असं दाखवता आलं, तर ते तिच्या नावावर होऊ शकतं. नाही दाखवता आलं तर तिथं सोलारच्या प्लेटा बसतील. बाबांनी जपून ठेवलेले कागद एका पावसाळ्यात पत्रा गळून भिजले, त्यांचा लगदा झाला. साक्ष देतील अशी जुनी माणसं होती, ती एकेक करून गेली.

दोन तारखेला कन्नडला तहसीलमध्ये सुनावणी होती. मी आईला घेऊन गेले होते. सोलार कंपनीच्या वकिलानं बॅगेतून एक जुनं, पिवळं पडलेलं पुस्तक काढलं. मी लांबूनच ओळखलं. आपल्या कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनाचं पुस्तक, जानेवारी नव्वद. पान सोळा. ‘पिशोरचा माळ, सकाळ. तैलरंग. प्रत्यक्ष जागेवर रंगवलेले. कु. रत्नमाला धोंडिबा साळवे. निसर्गचित्रण, प्रथम पारितोषिक.’ डावीकडं काळपट लिंब, मधून पायवाट, मागं निळे डोंगर आणि माळावर एक मोठं झुडूप. शेत नाही. माणूस नाही.

तहसीलदार मॅडमनी ते पान आईपुढं धरलं. “आजी, हे तुमच्या मुलीचं चित्र आहे का?”

“व्हय मॅडम, माह्याच पोरीचं,” आई म्हणाली. पदर सारखा करून, ताठ बसून म्हणाली. “पैला नंबर आला व्हता तिचा. समद्या कॉलेजात पैला.”

“आणि जागा हीच? तुम्ही कसता ती?”

“हीच की. ह्यो काय आमचा लिंब.”

वकिलाला पुढं काही विचारावंच लागलं नाही. दाव्यातली बाई स्वतःच सांगतेय की जागा हीच, चित्र तिच्या मुलीचं, आणि चित्रात नुसतं गवत. परत येताना एसटीत आई मला म्हणाली, “लई चांगलं छापलंय गं.” तिला अजून कळलेलं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

तुम्हाला आणि मला ठाऊक आहे की त्या चित्रात बाजरी होती. कणसाला आलेली, सप्टेंबरातली. बाजरीत माझी आई उभी होती, हातात गोफण, पाखरं हाकत. दोन्ही तुम्ही घालवायला लावलंत. ‘निसर्गचित्रात पेरलेलं नको, बाई नको, एक झुडूप टाक,’ असं तुम्ही सांगितलंत. एवढंच एका कागदावर लिहा आणि सही करा. पुढची तारीख अकरा फेब्रुवारी आहे.

रत्नमाला


१८ जानेवारी २०२५

सर,

प्रेरणाचा व्हॉट्सॲप आला. ‘पप्पा म्हणतात, चित्र हे चित्र असतं, पुरावा नसतो. त्यांना या वयात ओढू नका.’ खाली हात जोडलेले. तुम्ही पत्राला पत्रानं उत्तर दिलं असतं तर मला राग आला असता, पण मान राखला गेला असता.

चित्र पुरावा नसतो? सर, तुम्ही आम्हाला पाच वर्षं दुसरं काय शिकवलंत? ‘जे दिसतं ते रंगवा, डोळ्याशी प्रामाणिक राहा.’ आणि लगेच खिशातून तो पुठ्ठा काढायचात, मधे चौकोन कापलेला. त्याच्यातून बघायचं. चौकोनात डावीकडं गडद झाड हवं, मधून वाट आत गेली पाहिजे, मागं डोंगर निळे. चौकोनात एखादी बाई शेण वेचत आली की तुम्ही पुठ्ठा बोटभर सरकवायचात. बाई गेली की म्हणायचात, “आता बघ, निसर्ग आला.”

तो पुठ्ठा तुम्हाला तुमच्या मास्तरांनी दिला होता आणि मास्तरांना मुंबईत एका गोऱ्या चित्रकारानं. हे तुम्हीच आम्हाला अभिमानानं सांगायचात, आणि आम्ही हात धुऊन तो पुठ्ठा हातात घ्यायचो. साहेब इथं आला तेव्हा त्याच्याबरोबर जमीन मोजायची साखळी होती आणि रंगाची पेटीही होती. दिवसा मोजायचं, दुपार कलली की रंगवायचं, आणि दोन्हीकडं एकच खुबी: माणसं जितकी कमी दिसतील तितकं बरं. जिथं कुणी दिसत नाही ती जागा पडीक लिहायला सोपी. एखादा नेटिव ठेवायचाच असेल तर अंगठ्याएवढा, लेणं किती उंच आहे ते कळावं म्हणून. म्हणजे आमचा उपयोग फूटपट्टीचा.

त्या साहेबांना मी समजू शकते, त्यांचा धंदा होता तो. मला तुमचं कळत नाही. तुम्ही सिल्लोडजवळच्या कापूसवाल्यांचे. पहाटे उठून कापूस वेचलेला माणूस. तुम्हालाही रान बघायचं तर पुठ्ठ्याचं भोक लागायचं.

दरवर्षी आपली सहल अजिंठ्याला जायची आठवतं? दोनदा आत नेलंत, तेही घाईनं. बाकी सगळा वेळ व्ह्यू पॉइंटला बसून दरी रंगवायची. आत भिंतीवर झाडं आहेत, हंस आहेत, कमळं आहेत, आणि सगळी माणसांच्या गर्दीत, खांद्याला खांदा लावून. केळीचं पान कुणाच्या तरी डोक्यावर येतंय, माकड कुणाच्या तरी मागून डोकावतंय. दीड हजार वर्षांपूर्वी आपल्याच डोंगरात कुणीतरी निसर्ग असा रंगवला होता आणि आपण त्याच्याकडं पाठ करून बसलो होतो. मी तेव्हा तुम्हाला विचारलंही होतं. तुम्ही म्हणालात, “ते भित्तिचित्र, हे निसर्गचित्र. विषय वेगळा.” मी मान डोलावली. बक्षीस हवं होतं मला.

पुढं तुम्ही अमूर्ताकडं गेलात. पिवळ्या मातकट पट्ट्यांची ती ‘भूमी’ मालिका. झाड गेलं, वाट गेली, डोंगरही गेले. मुंबईच्या लोकांनी लिहिलं, मराठवाड्याचं शुद्ध अवकाश. मीही टाळ्या वाजवल्या. नंतर मला वाटलं, हा तर तोच मोकळा माळ, साहेबाचाच, फक्त आता साहेबाचं झाडही उरलं नाही. ते शुद्ध अवकाश म्हणजे कुणाचं तरी शेत होतं, सर.

आणि मी माळावरची माणसं रंगवून प्रदर्शन मांडलं, खडी फोडणाऱ्या बाया, सरपण आणणाऱ्या पोरी, तेव्हा तुम्ही पेपरात लिहिलंत: ‘यात निसर्ग कुठे आहे? ही तर मोर्चाची पोस्टरं.’ अठरा वर्षं मी बोलले नाही ते त्या एका ओळीपायी. ओळ पाठ आहे मला.

या गोष्टीचा शेवट कुठं होतो तेही ऐका. माझ्या शाळेत सहावीच्या वर्गाला ‘निसर्गचित्र’ म्हटलं की साठ पोरं मुकाट्यानं दोन डोंगर, मधे सूर्य, एक नदी आणि दोन नारळ रंगवतात. औरंगपुऱ्यातल्या पोरांना नारळ देवळात फोडलेला तेवढाच माहीत. परवा अपेक्षा नावाच्या मुलीनं डोंगरावर एक म्हातारी बसवली. शेजारची म्हणाली, “मॅडम, हिनं माणूस घातला, हिचे मार्क जातील.” कुणी शिकवलं तिला हे? मी नाही शिकवलं. पण मग मी तिला वेगळं काय शिकवलं तीस वर्षं, हाही प्रश्न आहेच.

ओढू नका म्हणता. तुम्ही ओढलेलेच आहात. सोळाव्या पानावर खाली बारीक अक्षरात ‘मार्गदर्शक: प्रा. एस. के.’ असं छापलंय.

रत्नमाला


२७ जानेवारी २०२५

सर,

तुमच्याकडून काही नाही. ठीक. मी कॉलेजात गेले.

चित्र अजून आहे. प्राचार्यांच्या केबिनमध्ये, एसीच्या खाली. प्राचार्य म्हणजे आपला ऋतुराज, तुमचा लाडका, माझ्या दहा वर्षं मागचा. त्यानं चहा मागवला, “या ताई” म्हणाला, आणि मी काम सांगितल्यावर खुर्चीत मागं सरकला.

मी त्याला कारागिरीचं बोलले. चित्र पूर्ण झालं म्हणून मी त्याला व्हार्निश मारलं होतं. ते वाळल्यावर तुम्ही बघितलंत आणि दुरुस्ती सांगितलीत. म्हणजे झुडूप व्हार्निशच्या वर बसलंय, खालच्या रंगाला धरलेलं नाही. कापसाच्या बोळ्यानं, स्पिरिटनं, सावकाश, ते उतरवता येईल. खाली बाजरी आहे. आणि झुडूप जानेवारी नव्वदला होतंच, हे त्या वकिलाच्याच पुस्तकात छापलंय. मग झुडपाखालचं त्याच्याही आधीचं. त्यांच्याच कागदानं आमची तारीख पक्की होते.

ऋतुराज हुशार आहे, त्याला लगेच कळलं. पण म्हणाला, “ताई, कलाकृती संस्थेच्या मालकीची. त्यात सरांनी निवडलेल्या संग्रहातली. सरांची लेखी संमती आणा, मी आडवा येत नाही.” मी म्हटलं, “हात माझा, आई माझी, माळ माझा, आणि संमती सरांची?” तो म्हणाला, “नियम आहे.” तेव्हा आता तुमच्याकडून दोन कागद हवेत.

ते चित्र मी पंचवीस वर्षांनी इतक्या जवळून बघितलं. झुडूप किती वाईट रंगवलंय, सर. घाईत, एकाच हिरव्यात. परीक्षकांना कसं खपलं कोण जाणे. मी त्याच्यासमोर उभी होते आणि मला एकदम सगळं आठवलं, जसं झालं तसं. तेव्हापासून बेचैन आहे, म्हणून लिहिते.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं.

तुम्ही चित्राजवळ आलात, पुठ्ठा धरलात, आणि म्हणालात, “बाजरी नको, तिथं एक झुडूप टाक. पेरलेलं आलं की ते शेतकी खात्याचं चित्र होतं.” मी विचारलं, “आणि बाई?” तुम्ही जरा वेळ बघितलंत. म्हणालात, “बाई चांगली उभी आहे. ठेवायची तर लहान कर. तुझं तू बघ.”

तुझं तू बघ. तुम्ही आईला ठेवायला परवानगी दिली होती. तिला नाहीसं केलं ते मी.

वर्गात कुणाला माहीत नव्हतं की ती माझी आई आहे. गावोगावच्या बापू-आबांच्या, बंगले असलेल्या पोरी होत्या वर्गात. मी त्यांना सांगितलं होतं, आमची पिशोरला शेती आहे. गायरानाचं सांगितलं नव्हतं. प्रदर्शनाला आई येणार होती, तेच लुगडं नेसून. तेच, कारण दुसरं नव्हतं. चित्रातल्या बाईशेजारी ती उभी राहिली असती आणि कुणीतरी म्हटलं असतं, अगं, ही तर तीच. हे मला नको होतं. एवढीच गोष्ट.

साहेबाचा पुठ्ठा, मास्तरांचा पुठ्ठा, तुमचा पुठ्ठा, हे मी मागच्या पत्रात जे लिहिलं ते सगळं खरं आहे, त्यातला एक शब्द मागं घेत नाही. त्या पुठ्ठ्यानंच मला शिकवलं की माझी आई म्हणजे चित्र बिघडवणारी वस्तू. पण त्या दिवशी पुठ्ठा तुमच्या हातात होता आणि ब्रश माझ्या. तुम्ही माझी लाज उसनी घेऊ नका आणि मी ती तुमच्यावर टाकत नाही. मला तुमच्याकडून फक्त बाजरीचं खरं हवंय.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. अकरा तारखेला सांगावं लागेल.

रत्नमाला


५ फेब्रुवारी २०२५

सर,

तुमचं पाकीट काल मिळालं. स्पीड पोस्टानं. अक्षर थरथरलंय, पण ओळी अजून सरळ जातात.

संमतीचा कागद ऋतुराजला दिला. त्यानं दोनदा वाचला आणि चित्र भिंतीवरून स्वतः उतरवून दिलं. म्हणाला, गाडीही कॉलेजची देतो. त्याबद्दल तुमचे आभार. मनापासून.

दुसरा कागद परत पाठवतेय. रागावू नका, किंवा रागवा.

तुम्ही लिहिलंय: ‘सदर चित्रातील उभे पीक व स्त्री ही दोन्ही माझ्या स्पष्ट सूचनेवरून झाकण्यात आली. विद्यार्थिनीचा त्यात काही दोष नाही.’ माझं तिसरं पत्र तुम्हाला मिळालं होतं, हे सोबतच्या तुमच्या चिठ्ठीवरून दिसतं. म्हणजे खरं काय ते माहीत असून तुम्ही हे लिहिलंत. मला वाचवायला. आईपुढं मला मान खाली घालावी लागू नये म्हणून.

चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसानं असं करावं, याचं मला रडू आलं. प्रेरणाला सांगा, तिच्या पप्पांनी मला रडवलं. पण हा कागद मी वापरणार नाही. एका खोट्यानं तो माळ रिकामा झाला होता, दुसऱ्या खोट्यानं मी तो भरणार नाही. उद्या वकिलानं मला विचारलं, बाईसुद्धा सरांनीच घालवायला लावली का, तर मी व्हय म्हणू? आईच्या देखत? नाही जमणार, सर. ‘व स्त्री’ आणि ‘दोन्ही’ खोडा, शेवटचं वाक्यही खोडा, पुन्हा सही करा, पुन्हा पाठवा. वेळ थोडा आहे.

चिठ्ठीत तुम्ही लिहिलंय की तुमच्या पहिल्या निसर्गचित्रात तुमचे वडील बैलगाडी हाकत होते आणि तुमच्या मास्तरांनी नुसती भुवई उंचावली, तर तुम्ही घरी जाऊन गाडी, बैल आणि वडील तिन्ही घालवले. पासष्ट वर्षं कुणाला सांगितलं नाहीत. मला सांगितलंत, हे बरं केलंत. यात मी तुम्हाला धीर वगैरे देणार नाही. मला स्वतःलाच मिळालेला नाही.

आणि सही. ‘सांडू’ अशी, आख्खी, मराठीत. एवढ्या वर्षांत तुमच्या एकाही चित्रावर मी हे नाव पाहिलं नव्हतं, सगळीकडं ‘एस. के.’च. चांगलं दिसतं.

झुडूप कुठं उतरवायचं यावर आज तहसीलमध्ये वाद झाला. वकील म्हणाला, बाहेर कुठं केलं तर तुम्ही खाली नवीन रंगवून आणाल. बरोबर आहे त्याचं. तहसीलदार मॅडम म्हणाल्या, मग इथंच करा, सगळ्यांसमोर. तेव्हा अकरा तारखेला कन्नड तहसीलच्या सभागृहात मी माझं बक्षिसाचं चित्र पुसणार आहे. बघायला यायचं असेल तर या.

रत्नमाला


१९ मार्च २०२५

सर,

निकाल हातात येईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून महिनाभर तुम्हाला ताटकळत ठेवलं. दुरुस्त केलेला कागद दहा फेब्रुवारीला पोचला. दुसऱ्या दिवशी तो वाचला गेला. ‘पीक माझ्या सूचनेवरून झाकण्यात आले’ हे वाक्य मॅडमनी मोठ्यांदा वाचलं.

मग मी बाह्या सारल्या.

सभागृहात वीसेक माणसं होती. पिशोरची आमची माणसं एका बाजूला, वकील आणि कंपनीचे दोघं दुसऱ्या. चित्र टेबलावर आडवं ठेवलं. आई पहिल्या खुर्चीत. मी कडेनं सुरुवात केली. पहिले दोन बोळे नुसते पिवळे झाले, झुडपावर नंतर मारलेलं व्हार्निश. तिसरा हिरवा निघाला. वकील चष्मा लावून माझ्या खांद्यावरून बघत होता, त्याचा श्वास मानेला लागत होता. मी म्हटलं, “साहेब, जरा उजेड सोडा.” लोक हसले आणि तो सरकला.

अर्ध्या तासानं पहिलं कणीस दिसलं. नंतर ओळच लागली. सर, बाजरी मी छान रंगवली होती. खरंच छान. दाट, करडी, कणसांवर पिठूळ उजेड. वीस वर्षांच्या पोरीला ते जमलं होतं आणि तिनंच ते झाकलं होतं. मागून कुणीतरी म्हणालं, “आरं, ह्ये तर धोंडिबाचं रान.” मॅडमनी मोबाइलवर फोटो घेतले, कारकुनानं लिहून घेतलं: झुडपाखाली उभे पीक, बाजरी.

मग मी मधल्या भागावर आले आणि माझा हात थांबला.

तिथं आई निघाली नाही. झुडूप उतरलं आणि खाली नुसती कॅनव्हासची वीण, भुरकी, ओरखडलेली. तेव्हा मला आठवलं. बाजरीवर मी नुसता रंग टाकला होता, पण आईला आधी पॅलेट नाइफनं खरवडलं होतं. खालून उमटू नये म्हणून. हे मी तुम्हाला लिहिलं नव्हतं, कारण मी स्वतःलाही ते सांगितलेलं नव्हतं. सकाळपासून मी मनात धरून बसले होते की आई बाहेर येईल, सगळे बघतील, आणि त्यातच माझं काय ते फिटेल.

“इथं काय होतं?” मॅडमनी विचारलं.

“माझी आई,” मी म्हटलं.

“हेसुद्धा सरांनी सांगितलं होतं?”

“नाही. बाजरी सरांनी सांगितली. आईला मी खरवडलं. मला तिची लाज वाटत होती.”

वकील लगेच उठला. “मॅडम, याची नोंद घ्या. अर्जदाराची मुलगीच म्हणते, चित्रात हवे तसे बदल केले. अर्जदार स्वतः शेतात दिसत नाहीत.”

आई उठली. काठी खुर्चीलाच ठेवून चालत टेबलापाशी आली, आणि त्या खरवडलेल्या जागेवर तिनं पंजा ठेवला. ओल्या स्पिरिटवर. मी “अगं हात” म्हणेपर्यंत ठेवलाही.

“वकीलसायेब, म्या हितं हुबी हाये, आन् तुमी मला चितरात हुडकता व्हय?” ती म्हणाली. “बाजरी हाये ना तिथं? मंग ती काय पाखरांनी पेरली?”

सभागृहात एवढा हशा झाला की मॅडमनाही तोंड फिरवावं लागलं. त्यांनी कारकुनाला सांगितलं, आजींचं हे विधान जसंच्या तसं लिहा.

आई मात्र हसली नाही. पिशोरला घरी आल्यावर हात धुतले, चूल पेटवली, चहा टाकला. मग पाठमोरीच बोलली.

“चार दिस हुबी व्हते म्या तिथं. तू म्हणली हालू नको, नाय हालले. परदर्शनात आले तवा बघितलं, तर म्या नाय. झुडूप.”

मी म्हटलं, “तेव्हाच का नाही विचारलंस?”

“काय इचारायचं? मला बरं वाटलं. म्हणलं, पोरीनं अब्रू झाकली आपली. समदी कशी कापडं घालून आली व्हती.” तिनं चहा गाळला. “मला बी माही लाजच वाटायची गं तवा.”

“आणि आता?”

“आता नाय वाटत. तुला वाटती का?”

“नाही,” मी म्हटलं. तिनं माझ्याकडं नीट बघून घेतलं, मगच कप दिला.

आदेश सतरा तारखेला आला. दोन एकर, मनकर्णाबाई धोंडिबा साळवे. कंपनी वर अपिलात जाणार म्हणतेय. जाऊ दे, आम्हीही जाऊ.

आता शेवटचं. ऋतुराजचं पत्र आलंय: चित्राची हानी झाली आहे, तरी संस्थेच्या संग्रहात परत घेण्यापूर्वी मधला भाग कलावंतानं पूर्ववत करून द्यावा. तुमचंही प्रेरणाकडून तेच आलं, जरा गोड शब्दांत. आता तरी आईला तिच्या जागी रंगव, म्हणजे चित्र पूर्ण होईल. हात बसलेला आहे, एका दिवसाचं काम, हे मलाही माहीत आहे.

मी आईला विचारलं. ती म्हणाली, “तू सांग. चितर तुहं हाये.”

मग माझं उत्तर ऐका, आणि ऋतुराजलाही कळवा. नाही. झुडूप मी तुमच्या सांगण्यावरून रंगवलं, ते उतरवलं. आईला मी कुणाच्याही सांगण्यावरून खरवडलं नव्हतं, म्हणून कुणाच्या सांगण्यावरून ती जागा बुजवणारही नाही. चित्र होतं तिथंच, एसीच्या खाली लावा, बाजरीसकट आणि त्या उघड्या कॅनव्हाससकट. लावायचं नसेल तर परत द्या, मी शाळेत लावते. पोरं विचारतील, मॅडम, इथं काय होतं? मी त्यांना सांगेन की इथं माझी आई चार दिवस न हलता उभी होती.

रत्नमाला मनकर्णाबाई साळवे